बासष्टचा पट साठ होतो तेव्हा

प्रश्न विचारणाऱ्या बाई २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीतून जिल्हा परिषदेत लागल्या आहेत. सध्या पहिली ते चौथीच्या दोनशिक्षकी शाळेवर आहेत. सोबतचे गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामाला लावलेले, त्यामुळे महिन्यातले कितीतरी दिवस चारही वर्ग यांच्या एकटीच्या अंगावर. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सरकारी शाळेत मुलांना न्याय मिळतो का? शिक्षकाला आपली काही किंमत आहे असं वाटायला नेमकं काय लागतं? आणि केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) मागे लागलेत म्हणून आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव करू का?

मी १९९३ ला लागले, २०२४ ला निवृत्त झाले. एकोणीस वर्षं वर्गावर, सात वर्षं मुख्याध्यापक, शेवटची पाच वर्षं केंद्रप्रमुख. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. माझं मत आधीच सांगून टाकते. तुमचे पहिले दोन प्रश्न वेगळे नाहीत. शिक्षकावर झालेला अन्याय शिक्षकापाशी थांबत नाही, तो उतरत उतरत वर्गातल्या सगळ्यात गरीब पोरापर्यंत जातो. उलटही तेवढंच खरं आहे. मुलाला हक्काचं मिळालं नाही की ते देता आलं नाही म्हणून शिक्षकच मान खाली घालून उभा राहतो.

एक प्रसंग सांगते. मी केंद्रप्रमुख असताना केंद्रातल्या एका शाळेचा पट बासष्ट होता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. म्हणजे बासष्टवर तिसरं पद सुखरूप. त्या वर्षी, २०२२-२३ ला, संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करणं, आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांवर होणार असं ठरलं. दोन मुलांचं आधार जुळेना. त्यातली एक आरती. शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक ए, आधारवर दोन. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी आजीकडे. आजीला तालुक्याच्या आधार केंद्रावर दोनदा नेलं. पहिल्यांदा सर्व्हर बंद. दुसऱ्यांदा तिथला मुलगा म्हणाला, जन्मदाखला आणा. जन्मदाखला ज्या गावचा, ते गाव दुसऱ्या जिल्ह्यात. मुख्याध्यापक स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने फिरत होते आणि तेवढे दिवस त्यांचा वर्ग दुसऱ्याकडे जोडलेला. मुदत संपली. कागदावर पट साठ झाला.

आरती रोज पहिल्या रांगेत बसत होती, खिचडी खात होती, तेराचा पाढा चुकत होती. हजेरीपटावर ती होती, पण संचमान्यतेपुरती नव्हती. तिच्या नावातल्या एका जादा अक्षरामुळे एकसष्ट मुलांचा एक शिक्षक जाण्याची वेळ आली. जी बाई अतिरिक्त ठरणार होती तिचा चेहरा मला अजून आठवतो. समायोजनाला, म्हणजे दुसऱ्या शाळेत जायला, तिची ना नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, “मॅडम, माझ्या कामाचा यात कुठे काही संबंध आला का?” नव्हता आला. शिक्षकाला किंमत नाही असं वाटतं ते इथे. त्याच्या नोकरीतल्या मोठ्या गोष्टी त्याच्या कामाकडे न बघता ठरतात.

पुढे मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांची पदंच धोक्यात आली. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. राज्यात अशा लहान शाळा पंधरा हजारांच्या घरात. समूह शाळा सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. चांगली इमारत, विषयवार शिक्षक, वसतिगृह मिळत असेल तर काही मुलांचं भलंच होईल. पण सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून गाडीने जाईल हे कागदावर लिहिणाऱ्याने पावसाळ्यात तो ओढा एकदा बघावा. गाडी चार दिवस आली नाही की आठवड्याभरात पहिली गळते ती मुलगी. हे मला अंदाजाने सांगावं लागत नाही, हजेरीपट मी पाहिलेत.

आता अन्यायाची दुसरी तऱ्हा, जी खुद्द शिक्षकाच्या हातून करून घेतली जाते. मोफत गणवेश. २०२३ पर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत तो सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातींचे मुलगे आणि दारिद्र्यरेषेखालचे मुलगे यांनाच होता. उरलेल्या मुलग्यांना नाही. दारिद्र्यरेषेची यादी तरी कुठली, तर २००२ च्या सर्वेक्षणाची. मी मुख्याध्यापक होते त्या शाळेत पाचवीच्या वर्गात असे चार मुलगे उरायचे. त्यातल्या एकाचा बाप सालगडी. वेगळं बिऱ्हाड मांडलं ते यादी झाल्यानंतर, त्यामुळे यादीत नाव नाही. वाटपाच्या दिवशी मी एकेकाचं नाव पुकारायची आणि हे चौघं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. एकाने विचारलं, “बाई, आमचं पुढच्या शनिवारी का?” मी हो म्हणाले. खोटं बोलले. मग आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, दर वर्षी काढायचो. अशी वर्गणी शेकडो शाळांतून निघत होती आणि तिची नोंद कुठल्याही रजिस्टरला नव्हती.

२०२३-२४ पासून सगळ्यांना गणवेश लागू झाला. माझ्या नोकरीत मला ज्या निर्णयांनी मनापासून बरं वाटलं त्यातला हा एक, आणि त्यात शिक्षकाच्या सन्मानाचा शब्दसुद्धा नव्हता. एवढंच झालं की माझ्या हाताने भेदभाव करण्याचं काम सुटलं. पुढच्याच वर्षी एक राज्य एक गणवेश आला, मापं चुकली, कपडे वेळेत आले नाहीत आणि शेवटी काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. पोराच्या खांद्याची रुंदी गावच्या शिंप्याला जास्त कळते, हे मंत्रालयाला कळायला एक वर्ष गेलं.

बदल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण स्टाफरूममध्ये न्याय हा शब्द सगळ्यात जास्त वेळा इथेच निघतो. मी नोकरीला लागले तेव्हा बदली म्हणजे पुढाऱ्याची चिठ्ठी. ज्याचा कोणी नाही तो डोंगरावर, आणि तिथेच. फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन आल्या. शाळांची विभागणी अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी झाली. आजारी, दिव्यांग, विधवा वगैरे संवर्ग एकमध्ये, पती-पत्नी एकत्रीकरण संवर्ग दोनमध्ये, अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेले बदली अधिकारप्राप्त म्हणून संवर्ग तीनमध्ये आणि सर्वसाधारण क्षेत्रात बरीच वर्षं काढलेले बदलीपात्र संवर्ग चारमध्ये. अधिकारप्राप्ताने शाळा मागितली की तिथे असलेल्या बदलीपात्राला खो बसायचा. पहिल्या वर्षी केवढा आरडाओरडा झाला. शहरालगत पंधरा-वीस वर्षं मुरलेली माणसं विस्थापित झाली, मोर्चे निघाले, कोर्टात गेली.

पण माझ्या ओळखीच्या एका गुरुजींना अकरा वर्षांनी पाड्यावरून खाली येता आलं, कोणाच्या पाया न पडता. ते मला म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा सरकारने मला नावाने ओळखलं.” कंप्युटरने कसलं नाव ओळखायचं? पण भावना खरी होती. त्यांच्या अकरा वर्षांचा हिशेब कुणीतरी मांडला होता आणि त्यानुसार त्यांना मिळालं.

या व्यवस्थेतही भोकं आहेतच. संवर्ग एकच्या प्रमाणपत्रांचं पीक आलं. धडधाकट माणसं अचानक दुर्धर आजारी झाली. काही ठिकाणी फेरतपासणी झाली, कारवाया झाल्या. सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे समानीकरण. सगळ्या तालुक्यांत रिक्त पदांचं प्रमाण सारखं राहावं म्हणून काही जागा मुद्दाम बंद ठेवायच्या, म्हणजे शहराजवळच्या शाळा भरलेल्या आणि दुर्गम तालुका रिकामा असं होऊ नये. ऐकायला कोरडा शब्द आहे, पण मुलांच्या बाजूने विचार करणारा बदल्यांमधलं हे एकच कलम म्हणा ना. आपल्या संघटनांनीही त्याच्यावर कुरकुर केली, मीसुद्धा केली. चूक होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कुठल्याही सरकारी किंवा अनुदानित शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या असता कामा नयेत. दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी म्हणजे थेट पन्नास टक्के. हा हिशेब लावला की समानीकरणाचं महत्त्व कळतं.

किंमतीबद्दल विचारलंत. गेल्या काही वर्षांत शासनाने आपली किंमत वाढवायला काय काय केलं ते आठवून पाहा. २०२२ मध्ये वर्गात ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले. शिक्षक शाळेत येतात की कोणी भाडोत्री येतं, या संशयातून ती गोष्ट निघाली, आणि नाव दिलं आदराचं. मार्च २०२४ मध्ये पेहराव कसा असावा याचा निर्णय आला, आणि डॉक्टर-वकिलांसारखं नावाआधी ‘टीआर’ (टीचर) लावायची मुभा मिळाली. मी त्या वेळी एका शिक्षण परिषदेत विचारलं, कोणी लावलं का? सगळे हसले. माझ्या केंद्रात तरी एकानेही लावलं नाही.

याच्याशी ताडून बघायला एक जुना कागद आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी होतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा मांडला. परीक्षा उत्तीर्ण शिक्षकाला बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस. शेतकऱ्याच्या पोराला न्याय आणि शिक्षकाला पोटभर पगार, एकाच निवेदनात. शिक्षकाचा गौरव करा असं मोघम बोलले नाहीत, रुपये किती ते सांगितलं.

म्हणून आधी पगार. तुमच्या सोबत उद्या नवीन शिक्षण सेवक आला तर त्याला तीन वर्षं मानधन मिळेल. २०२३ पासून प्राथमिकला ते महिना १६,००० झालंय, आधी सहा हजार होतं. काम तेच, वर्गही तोच. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठी मार्च २०२३ चा संप झाला, तुम्हीही त्यात असाल. एकाच पॅसेजमध्ये शेजारशेजारच्या वर्गावर तीन तऱ्हेचे शिक्षक असतात आणि तिघांना एकाच फुटपट्टीने मोजतात, याची खंत रकमेच्या फरकाहून मोठी असते.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास होणं भाग पडलं. राज्यातली पहिली टीईटीच डिसेंबर २०१३ ची. तुम्ही लागलात तेव्हा ही परीक्षा अस्तित्वातच नव्हती. शिक्षक पात्र असावा हा मुलाचा हक्क आहे, त्यावर माझा वाद नाही. पण पंधरा वर्षं जिने पोरं वाचायला शिकवली तिला आता तू पात्र आहेस का असं विचारायचं असेल, तर निदान ती शिकवत असताना वर्गात येऊन बसा की कोणीतरी. परीक्षेला बसा, पास व्हा, अपमान मनावर घेऊ नका. घेतलात तरी अभ्यास थांबवू नका.

वर्गात येऊन बसण्यावरून आठवलं. माझ्या वर्गावर दोन अधिकारी आले होते, दोन वेगळ्या वर्षी. पहिले दारातूनच आत वाकले, बूट न काढता. समोरच्या पोराला उभं केलं, सतराचा पाढा विचारला. ते गडबडलं. मग पोरांसमोर मला म्हणाले, “पगार किती घेता?” शेरेबुकात तीन ओळी लिहून अकरा मिनिटांत गेले. त्यानंतर आठवडाभर मी वर्गात ओरडून बोलत होते, हे मला नंतर कळलं. दुसरे आले ते सतरंजीवर मागे बसले, एका मुलीची वही घेऊन. पूर्ण तास बसले. सुटीत विचारलं, ही मुलगी हातचा घेते तो बरोबर, पण लिहिताना उलटा लिहिते, तुम्हाला काय वाटतं? मी माझं कारण सांगितलं. ते म्हणाले, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. एवढंच. इतक्या वर्षांत मिळालेल्या शाली मी कोणाकोणाला दिल्या ते आठवत नाही, पण हे वाक्य तोंडपाठ आहे. मी केंद्रप्रमुख झाल्यावर मागे बसायचं ठरवलं आणि दर वेळी जमलं असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तातडीची माहिती मागणारे एवढे निरोप यायचे की कित्येकदा मी शाळेच्या ओट्यावरच लिंक भरत बसायची.

कार्यालयातल्या कपाटातही किंमत कळते. सेवापुस्तकातल्या नोंदी अद्ययावत आहेत का, मेडिकल बिल किती महिने पडून आहे, बारा वर्षांनी मिळायची वरिष्ठ वेतनश्रेणी खरोखर बाराव्या वर्षी लागली का. मला ती तीन वर्षं उशिरा लागली, कारण प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हरवला. पैसे फरकासकट मिळाले. तीन वर्षांत मी त्या कार्यालयाच्या किती पायऱ्या चढले त्याचा फरक कोण देणार?

आणि समाजाच्या डोळ्यांतली किंमत? फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पंचवीस टक्के राखीव प्रवेशाचा नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर त्या प्रवेशाचं बंधन नाही, असा. उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. बरोबरच केलं, कारण कायद्याने गरीब मुलाला दिलेला हक्क असा मागच्या दाराने काढता येत नाही. पण त्या महिन्यांत पालक टीव्हीवर “म्हणजे आमच्या मुलांनी जिल्हा परिषदेतच जायचं का?” असं विचारत होते, तेव्हा मी टीव्ही बंद केला. त्यांचा राग योग्य होता आणि मला लागलंही होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं.

आता तुमच्या शाळेकडे येते. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, असं कलम २७ सांगतं. बीएलओचं काम निवडणुकीच्या सवलतीत बसवतात. पण मतदारयाद्यांचं काम सुटीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी करून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलेलं आहे. गुरुजींवर चिडू नका, त्यांच्या हातात तहसीलचा आदेश असतो. हालचाल रजिस्टरवर प्रत्येक वेळी आदेशाचा क्रमांक घालून त्यांना सही करायला लावा. त्याच दिवशी तुमच्याकडे किती वर्ग, किती मुलं होती हे शाळेच्या लॉगबुकमध्ये दोन ओळींत लिहा. तक्रारीचा सूर नको, नुसती नोंद. तीन महिन्यांनी शाळेचे एकूण दिवस आणि एकशिक्षकी गेलेले दिवस असे दोन आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, त्यांना ठराव करू द्या. ठराव त्यांच्या नावाने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ दे, तुमच्या नावाने नको.

माझ्या केंद्रातल्या एका शाळेने असं केलं. नव्वद दिवसांतले एकतीस एकशिक्षकी निघाले. पालकांना तोवर वाटत होतं की गुरुजी दांड्या मारतात. शिक्षक तात्पुरत्या कामगिरीवर मिळाला, तोही आठवड्यातून तीनच दिवस आणि वार्षिक परीक्षेपर्यंतच. पुढच्या वर्षी पुन्हा ठराव करावा लागला.

राहिला पुरस्काराचा प्रस्ताव. करायचा असेल तर करा, त्यात लाज नाही. पण फाइल जाडजूड होते, उपक्रमांचे फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं लागतात आणि दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी जातात. माझ्या वेळी मी केला होता, मिळाला नाही, आणि त्या फाइलसाठी काढलेल्या फोटोत मुलं कॅमेऱ्याकडे बघतायत, पुस्तकाकडे कोणीच नाही. तुम्ही त्या संध्याकाळी टीईटीच्या अभ्यासाला द्याव्यात असं मला वाटतं. आणि ठराव पंचायत समितीत देताना आवक क्रमांक टाकून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. माझी वेतनश्रेणी तीन वर्षं अडकली ती पोच नव्हती म्हणूनच.